बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांत निघते : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

थँक्सगिव्हिंग उलटलं, घर तापवणारे फर्नेस घरोघरी सुरू झाले की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट सोललेल्या सापांचे फोटो यायला लागतात. "दादा, हे काय झालंय बघ ना. दोन दिवस झाले, असाच बसलाय." हा हंगाम मार्चपर्यंत चालतो. जुलैमध्ये असा फोटो मला आजवर एकदाही आलेला नाही, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

आमच्याकडे जिलबी नावाची बॉल पायथन नऊ वर्षांपासून आहे. (वेटोळं घालून बसली की नाव का ठेवलं ते कळतं.) पहिल्या दोन हिवाळ्यांत तिचीही कात अशीच अडकली. त्यानंतर इथे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या आसपास ओळखीच्या घरांतलं हेच दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय, की फोटो उघडण्याआधीच विचारतो, "सापाच्या काचेच्या टाकीचं झाकण जाळीचं आहे का?" उत्तर बहुधा "हो, का?" असंच येतं.

लक्षणं

आधी नीट निघालेली कात कशी दिसते ते सांगतो. ती तोंडापासून सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी शेपटीपर्यंत अखंड निघते. उजेडात धरली तर डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारख्या दोन गोल पारदर्शक चकत्या दिसतात, आणि शेवटी शेपटीचं निमुळतं टोकही असतं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरची ही काचही कातडीचाच भाग असते, म्हणून दर वेळी कातीबरोबर तीही बदलते.

बिघडलेली कात अशी ओळखा. टाकीत कातीचे तुटके कपटे पडलेत. सापाच्या पाठीवर, मानेच्या घडीत किंवा पोटाच्या कडेला पांढरट, कागदासारखे पट्टे चिकटलेत. शेपटीच्या टोकाशी जुन्या कातीचं कडं राहिलंय. कात निघून गेली तरी एक डोळा राखाडी, धुरकट दिसतोय. यातलं एक जरी असलं तरी पुढे वाचा.

ज्याची भीती वाटते पण जे दुखणं नाही, तेही सांगतो. कात टाकण्याच्या आठ-दहा दिवस आधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, पोट गुलाबी दिसतं, रंग मळकट होतो. एका काकूंनी याला मोतीबिंदू समजून थेट डॉक्टरची वेळ घेतली होती. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी डोळे लख्ख झाले, आणि आणखी चार दिवसांनी सापाने अख्खी कात काढून ठेवली. निळे डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर कात निघायला साधारण चार ते सात दिवस लागतात. तुमचा साप अजून या टप्प्यात असेल तर काहीही अडकलेलं नाही. त्याला हाताळू नका, भिजवू नका, उंदीर देऊ नका. दिसत कमी असतं, त्यामुळे तो दचकतो, आणि बहुतेक साप या दिवसांत खातही नाहीत.

मुळात अडकते कशाने

उकडलेल्या बटाट्याची साल ओली असताना सरकन निघते. तोच बटाटा वाळला की नखाने खरवडावं लागतं. सापाचं तसंच आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये शरीर एक पातळ द्रव सोडतं, त्यानेच दोन थर सुटे होतात. शरीरात किंवा आजूबाजूच्या हवेत पाणी कमी असेल तर जुना थर जागीच वाळतो आणि चिकटून बसतो.

आता आपल्या घरांचा हिवाळा बघा. बाहेर 0 अंश सेल्सिअस असताना हवा अगदी काठोकाठ दमट असली, तरी एका घनमीटरमध्ये तिला 5 ग्रॅमसुद्धा बाष्प धरता येत नाही. तीच हवा घरात येऊन 20 अंशांना तापली की तिची पाणी धरण्याची ताकद 17 ग्रॅमच्या वर जाते. पाणी तेवढंच, तहान साडेतीन पट. आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली उतरते. टाकीच्या उबदार कोपऱ्यात, 31-32 अंशांना, ती 15 टक्क्यांच्या आसपास येते. आपल्या आंघोळी आणि कुकरच्या शिट्ट्या थोडी भर घालतात, पण पुरेशी नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथलं गवताळ रान वर्षातला बराच काळ कोरडं असतं हे खरं, आणि त्यावरूनच "हा कोरड्या हवेतला साप आहे" असं दुकानदार बिनधास्त सांगतात. पण हा प्राणी दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत, आणि बिळातली हवा दमट असते. त्याला हवी असते साधारण 60 ते 70 टक्के आर्द्रता.

तपासण्या, फुकटच्या आधी

*कात हातात घ्या.* फेकू नका. थोडी ओली करून उलगडा आणि तोंडापासून शेपटीपर्यंत तुकडे जुळवा. डोळ्यांच्या दोन्ही चकत्या आणि शेपटीचं टोक सापडलं, तर पाठीवरच्या एखाद्या कपट्याची घाई नाही. तो दोन-चार दिवसांत घासून निघेल. चकती किंवा टोक सापडत नसेल तर नक्की काय राहिलंय ते आता तुम्हाला कळलं. ही पायरी गाळून लोक थेट सापाला सोलायला बसतात, म्हणून ती पहिली ठेवली.

*हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतेचा मापक, खरं बोलतोय का ते बघा.* टाकीबरोबर फुकट मिळालेला, काटा फिरणारा, काचेला चिकटवायचा गोल मापक असेल तर माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. एका घरात तो सहा महिने 60 दाखवत होता. टाकीबाहेर काढून टेबलावर ठेवला, तरीही 60. दहा-पंधरा डॉलरचा, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या. पण तोही तपासून. बाटलीच्या झाकणात मीठ भरा आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवा. सकाळी मापकाने 75 दाखवायला हवेत, कारण ओल्या मिठावरची बंद हवा नेहमीच्या तापमानाला तिथेच स्थिरावते. 68 दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात 7 मिळवा. यानंतरची प्रत्येक तपासणी या आकड्यावर उभी आहे, म्हणून ही टाळू नका.

सेन्सर कुठे ठेवलाय तेही बघा. साप जमिनीवर राहतो आणि मापक छताशी लटकतोय, असं मी अनेक घरांत पाहिलंय. सेन्सर सापाच्या उंचीवर हवा. आधी गार बाजूला ठेवून आकडा बघा, मग उबदार बाजूला.

इथे एक कळकळीचं सांगणं. सेन्सरची वायर टाकीच्या आत चिकटपट्टीने लावू नका, कसलीच चिकटपट्टी आत नको. मी लावली होती. रात्री कधीतरी पट्टी सुटली आणि सकाळी जिलबी तिच्यात गुंडाळलेली सापडली. अर्धा तास बोटाने तेल लावत लावत, खवला न् खवला जपत ती सोडवली. आमच्या आजीचा व्हिडिओ कॉलवर कायमचा सल्ला असायचा, "अरे, खोबरेल लाव ना त्याला, कोरडं पडलंय." तेलाचा खरा उपयोग झाला तो त्या एका सकाळी, पट्टीचा डिंक सोडवायला. अडकलेल्या कातीवर तेल लावून काही होत नाही. दोन थरांच्या मध्ये पाणी हवं असतं, तेल वरच राहतं आणि त्यावर भुसा चिकटतो. क्रीम, व्हॅसलीन यांचंही तेच.

*झाकण.* आकडा खरा आहे आणि तो 40 च्या खाली आहे, तर वर बघा. माशांच्या टाकीला वरून जाळी, असा प्रकार असेल तर तुम्ही कितीही पाणी घाला, उबदार हवा ते घेऊन जाळीतून निघून जाते. जाळीचा साधारण तीन चतुर्थांश भाग बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका. दिवा असेल तर त्याच्याभोवती मोकळी जागा सोडा. पूर्ण बंद करू नका, कारण कोंदट, न हलणारी हवा बुरशीला आवडते. माझ्या हातून सुटलेल्या निम्म्याहून जास्त केसेस या एका फॉइलने सुटल्या. फॉइल लावून चोवीस तासांनी आकडा पुन्हा बघा आणि मगच पुढे जा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

*पाण्याचं भांडं.* मोठं, जड, न उलटणारं घ्या आणि ते गार कोपऱ्यातून उबेच्या जरा जवळ सरकवा. बाष्प वाढतं. त्याच वेळी सापाच्या विष्ठेतला पांढरा खडूसारखा भाग बघा. तो पांढरा, ओलसर असावा. पिवळा-नारिंगी आणि खड्यासारखा टणक झाला असेल, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सुरकुती राहत असेल, तर साप आतूनच कोरडा पडलाय. पाणी रोज बदला. दूध वगैरे मनातही आणू नका. नागपंचमीचं चित्र डोक्यातून काढायला काही पाहुण्यांना वेळ लागतो.

*फवारणी बंद करा.* सगळ्यांचा पहिला उपाय हाच असतो, बाटलीने दिवसातून चार वेळा फुसफुस. आकडा 80 ला जातो, अर्ध्या तासात परत 35. मधल्या वेळात वरचा भुसा चिंब राहतो आणि साप त्यावर पोट टेकून बसतो. त्याने पोटाचे खवले लालसर होऊन कुजायला लागतात. म्हणजे एक दुखणं घालवायला दुसरं आणलं.

त्याऐवजी *अंथरूण बदला.* लाकडाच्या कोरड्या पांढऱ्या सालपटांचं अंथरूण ओल धरत नाही, भिजलं तर बुरशी येते. देवदाराचा भुसा तर कधीच नको, त्यातल्या तेलाचा वास सापाला घातक असतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट मिसळून तीन-चार इंचांचा थर द्या. आपल्या कोकणात ज्याचा ढीग पडलेला असतो ते इथे पिशवीत घालून विकतात, पण चीज उत्तम आहे. पाणी वरून शिंपडायचं नाही. चारही कोपऱ्यांत हळूहळू कपभर ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर कोरडा. तळाची ओल दिवसेंदिवस वर येत राहते. आठवड्यातून एकदा पुरतं, फर्नेस जोरात असेल तर दोनदा. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) तळाशी असेल तर तिच्यावरचा थर मात्र पातळ ठेवा, नाही तर ऊब अडते.

*ओली गुहा.* झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला साप जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. डोळे निळे व्हायला लागले की डबा आत ठेवा. साप गरजेप्रमाणे आत-बाहेर करतो. मॉस आठवड्याला बदला. सगळी टाकी दमट ठेवणं जमत नसेल तर निदान एवढं तरी कराच.

*खरखरीत काहीतरी.* एखादा दगड किंवा सालीसकट फांदी. कात सुरू करायला तोंड घासावं लागतं. गुळगुळीत टाकीत घासणार कुठे?

इथून पुढे थोडी मेहनत

आर्द्रता आठवडाभर 60 च्या वर टिकली आणि तरीही पुढची कात तुटली, तर तापमान बघा. उबदार बाजू 31 ते 33 अंश, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 88 ते 91, आणि गार बाजू 25-26. हे काचेवरच्या पट्टीवरून नको, साप बसतो त्या जागी सेन्सर ठेवून मोजा. साप गार राहिला तर त्याच्या शरीराची सगळीच कामं मंदावतात. हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर धरणारं यंत्र, नसेल तर हे वाचणं थांबवून आधी तो मागवा. थर्मोस्टॅटशिवायच्या मॅटवर पोट भाजलेले साप मी पाहिलेत. भाजल्याच्या जागी व्रण राहतो आणि पुढे प्रत्येक वेळी कात नेमकी तिथेच अडकते.

मग माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी. खसखशीएवढे काळे ठिपके, हलणारे. हे रक्त पितात आणि कात बिघडवतात. साप दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहतोय, ही पहिली खूण. ओला पांढरा पेपर टॉवेल हातात धरून सापाला त्यातून सरकू द्या, मग टॉवेल उजेडात बघा. डोळ्यांची कड, हनुवटीखालची घडी आणि भांड्याचा तळही बघा. सापडले तर अंथरूण पिशवीत बांधून घराबाहेर काढा, टाकी गरम पाण्याने धुऊन कोरडी करा, साप कागदाच्या साध्या अंथरुणावर ठेवा आणि औषधासाठी डॉक्टरला विचारा. कुत्र्याच्या गोचिडीचं औषध अंदाजाने मारू नका. मात्रा चुकली तर साप जातो.

आत्ता जे अडकलंय त्याचं काय

कात निघून दोन दिवस झाले असतील आणि पट्टे तसेच असतील, तरच हे करा. भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात कोमट पाणी घ्या, 28 ते 30 अंश, मनगटाला ना गार ना गरम. खोली सापाच्या जाडीच्या निम्मी. वीस मिनिटं, फार तर तीस. समोर बसून राहा, फोन घ्यायला उठू नका. मग जुना, ओलसर, जरा खरखरीत टॉवेल सैल गुंडाळून त्यातून सापाला स्वतःहून पुढे सरकू द्या. जोर त्याचा, धरणं आपलं. जे सुटायचं ते सुटतं. सुटलं नाही तर डब्यात ओला टॉवेल घालून सापाला तासभर त्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा.

नखाने ओढू नका. खालची नवी कातडी कोवळी असते, ती फाटते. हा मोह फार अनावर असतो हे मला माहीत आहे, उन्हाने सोलपटलेल्या पाठीची साल ओढावीशी वाटते तसाच. तरी नाही.

शेपटीचं कडं मात्र सोडून देऊ नका. दोन-तीन कातींचे थर एकावर एक बसले की घट्ट बांगडीसारखा फास बसतो, रक्त पोचत नाही, आणि टोक काळं पडून वाळून गळतं. दर कातीनंतर टोक बोटाने चाचपायची सवय लावा.

डोळ्याला हात लावायचा नाही. चिमटा नाही, चिकटपट्टी नाही, इंटरनेटवर कुणी कितीही सफाईने काढून दाखवलं तरी नाही. राहिलेल्या चकतीखाली सापाची स्वतःची जिवंत काच असते. ती निघाली तर डोळा गेला. आर्द्रता सुधारा आणि पुढच्या कातीची वाट बघा, बऱ्याचदा दोन्ही थर एकदम निघतात. कोरड्या हवेत डोळ्याला नुसता पोचाही पडतो. तो दिसला म्हणजे चकती राहिलीच असं नाही, म्हणून तर आधी कातीत चकत्या शोधायला सांगितल्या.

या सगळ्यानंतर हात साबणाने धुवा. डबा आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते. तिथे पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. आर्द्रता आपोआपच 80-90, त्यामुळे जाळी उघडी ठेवा, अंथरूण कोरडं ठेवा, पोटाचे खवले बघत राहा. बॉल पायथन हा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगताना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि धामण, नाग, आपला अजगर किंवा रानात, शेतात सापडलेला कोणताही देशी साप घरी पाळणं हा गुन्हा आहे. त्याची कात अडकलेली दिसली तरी उचलून आणू नका, वनविभागाला कळवा.

कुठे थांबायचं

शेपटीचं टोक काळसर, कडक किंवा सुजलेलं. चकती लागोपाठ दोन कातींनंतरही तशीच, किंवा डोळा फुगलेला. पोटाच्या खवल्यांवर फोड, लाली, दुर्गंधी. तोंडातून बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं. यातलं काहीही दिसलं की घरचे उपाय त्याच दिवशी बंद. शेवटची खूण श्वसनाच्या संसर्गाची असते, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

आणखी एक प्रकार आहे. मापक मिठावर तपासलेला, आर्द्रता 65, तापमान बरोबर, माइट्स नाहीत, आणि तरीही तीन वेळा कात तुकड्यांत निघाली. मग दोष टाकीत नाही, सापात आहे. आतले कृमी, जुना संसर्ग, कुपोषण, काहीही असू शकतं, आणि ते फोटोवरून मला कळणार नाही.

कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर चालेलच असं नाही. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स या संघटनेच्या यादीत आपल्या भागातला डॉक्टर शोधता येतो. हे काम साप धडधाकट असतानाच करून ठेवा. जाताना साप उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा डब्यात ठेवून न्या. बाहेर बर्फ असेल तर गाडी आधी तापवा. शेवटच्या दोन काती झिपच्या पिशवीत, टाकीचा अख्खा फोटो, आठवडाभराच्या आर्द्रता-तापमानाच्या नोंदी आणि साप शेवटचं कधी जेवला ती तारीख बरोबर असू द्या. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात.